आदरार्थी भांडण

समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, एक मुलगी फेऱ्या मारत पाठांतर करते आहे. हातात पुस्तक, डोक्यावर ओढणी, ओठ सतत हलताहेत. एप्रिल लागला की बदलापुरात अशी एखादी मुलगी कुठल्या ना कुठल्या गच्चीवर उगवतेच. लोकांना या महिन्यात आंबे आठवतात, गावाला जाणं आठवतं. माझ्या कपाळाला नुसती आठी पडते. मला एप्रिल आवडत नाही. फ्रेंच तर मुळीच आवडत नाही. त्यातलं काही कळत नसताना मी हे म्हणते आहे, हे खरं. पण पूर्ण विचार करून म्हणते आहे.

दोन वर्षांपूर्वी आमची श्रुतिका उल्हासनगरच्या एका कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. विषय फ्रेंच. नुसती भाषा नव्हे, साहित्यसुद्धा. अकरावीला 'स्कोअरिंग' म्हणून तिने मराठीऐवजी फ्रेंच घेतलं, तेव्हा मीच ते चारचौघांत मिरवत होते. मुलगी पुढे त्याच विषयात पदवी करायला निघाली, तेव्हा मिरवणूक जागच्या जागी थांबली. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, पाँडिचेरीचं स्थळ हेरून ठेवलंय वाटतं." शेजारच्या काकू म्हणाल्या, "म्हणजे ते बेडूक खातात ते?" आमचे हे अंबरनाथला एका कारखान्यात आहेत, दिवसभर मशिनच्या आवाजात असतात, त्यामुळे घरी कमी बोलतात. ते एवढंच म्हणाले, "शिकू दे गं. घरात एक तरी भाषा अशी असू दे, जिच्यात तू मला ओरडू शकणार नाहीस."

मी एका शाळेच्या ऑफिसात लिपिक आहे. पोरांच्या नावात वेलांटीसुद्धा इकडची तिकडे होऊ नये म्हणून डोळे फोडलेली बाई. मला ही भाषा म्हणजे सरळ सरळ फसवणूक वाटली. लिहायची आठ अक्षरं आणि बोलायची तीन.

"बाकीची पाच काय करतात?" मी विचारलं.

"काही नाही. असतात ती."

"नुसती असतात?"

"हो आई, नुसती असतात."

"आमच्या ऑफिसात पण आहेत अशी दोघंतिघं," मी म्हटलं. श्रुतिका हसली नाही. ती फ्रेंचवरच्या विनोदांना हसायची नाही, हाही त्या भाषेचा मला आलेला एक अनुभव.

पुस्तकं परदेशातली, म्हणून सगळा अभ्यास झेरॉक्सवर. आणि झेरॉक्स म्हणजे मूळ पुस्तकाची नव्हे, मागच्या वर्षीच्या मुलींनी काढलेल्या झेरॉक्सची झेरॉक्स. फ्रेंच अक्षरांच्या डोक्यावर टोप्या असतात, कान असतात, खाली शेपट्या असतात. त्या या प्रवासात गळून जायच्या. आणि जिथे काही नको तिथे मशिनच्या काचेवरच्या धुळीचा ठिपका हजर. मुली त्या ठिपक्याचाही उच्चार करून बघत. एकदा मीच सोबत गेले होते, तेव्हा दुकानाच्या सिंधी अंकलशी भांडले. गल्लीत नाल्याचा वास, शेजारी पकवान तळल्याचा वास आणि मधोमध तापलेल्या शाईचा. अंकल शांतपणे म्हणाले, "मशीन को जो दिखता है वही छापती है, मॅडमजी. पढना तो बच्ची को है ना." पुढे म्हणाले, "वैसे जापानी में ज्यादा स्कोप है." आणखी एक सल्लागार.

साहित्य मी संध्याकाळी ऐकायचे. मी भाजी निवडत बसायचे आणि ती नाटकं सांगायची. राजे, राण्या, पाच पाच अंक. कुणाला विष द्यायचंय, कुणाला पोटच्या पोरावर सूड उगवायचाय, आणि सगळं वृत्तात बांधलेलं. आवाज म्हणून कुणी चढवत नाही. एकमेकांचा जीव घेतात, पण अहो-जाहो करून.

"हे तर आपल्या भावकीसारखं झालं," मी म्हटलं. फ्रेंच साहित्य मला जवळचं वाटलं ते त्या एका संध्याकाळी. मेथीही चांगली होती त्या दिवशी.

माझं माहेर वांगणीचं, शेतकऱ्याचं. आमच्याकडे सगळ्यांना तू. बापाला तू, आजीला तू, देवाला तू, शाळेतल्या मास्तरांनाही तूच. आणि मास्तरांना त्यात काही वाटत नसे, कारण तेही तिथलेच. तुम्ही हा शब्द आम्हाला येत नव्हता असं नाही. तो जपून ठेवलेला होता. फौजदार आला, तलाठी आला, की तो बाहेर निघायचा. आणि ज्याच्याशी वैर पडलं त्याच्यासाठी. माझे वडील, म्हणजे आबा, आणि त्यांचे सख्खे थोरले भाऊ यांच्यात शेताच्या मेरेवरून, म्हणजे बांधावरून, भांडण झालं, त्या दिवसापासून आबा त्यांना तुम्ही म्हणायला लागला. "या, बसा तुम्ही." गावाला कळलं, संपलं आता. शिवी दिली असती तर दुसऱ्या दिवशी मिटलं असतं. फ्रेंचमध्ये आईला 'मेर' म्हणतात, असं श्रुतिकाने एकदा आबाला सांगितलं. आबा म्हणाला, "बराबर हाय त्यांचं. समदी भांडनं तिच्यावरूनच व्हतात."

मग मी लग्न होऊन बदलापुरात आले. सासर रत्नागिरीकडचं, सगळ्यांना तुम्ही. पहिल्याच सकाळी मी चहाचा ट्रे घेऊन सासऱ्यांसमोर उभी राहिले आणि मायेने विचारलं, "बाबा, तू साखर किती घेतोस?" सासऱ्यांनी पेपर खाली केला. सासूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. नणंद हसू दाबण्यासाठी बाल्कनीत गेली ती बराच वेळ आली नाही. सासूबाईंनी मला आत नेऊन सांगितलं, "आमच्याकडे तू फक्त मांजराला." त्यानंतर मी इतकी तुम्हीमय झाले की काही दिवस मांजरालाही तुम्हीच म्हणत होते.

मी नोकरी करत होते, म्हणून श्रुतिका शाळेत जाईपर्यंत वांगणीला आबाकडे वाढली. त्यामुळे तिच्या तोंडात पहिला बसला तो तिकडचा तू. बदलापुरातल्या शाळेने, आजीआजोबांनी तिला तुम्ही शिकवलं आणि ती ते नीट बोलते. पण घाबरली, गोंधळली, झोपेतून दचकून उठली की ती वांगणीची होते.

आणि नेमका हाच रोग फ्रेंचला आहे. त्यांच्यातही तू आणि तुम्ही आहे. तू म्हणजे 'त्यू', तुम्ही म्हणजे 'व्हू'. इतका लांबचा देश, विमानाने जायचं, आणि तिथेही सासर आहेच.

आता मॅडम. श्रुतिकाच्या डिपार्टमेंटच्या त्या एकट्या बाई. बाकीचे एखाद-दोन तास घ्यायला येणारे यायचे-जायचे, मॅडम कायम. उंच, इस्त्रीची कॉटनची साडी, आणि भुवया अशा की फ्रेंच अक्षरावरची टोपी तिथूनच उचलली असावी. मुली त्यांना 'टोपीवाल्या' म्हणत. त्या कधी ओरडत नसत. नुसत्या बघत. चुकीचा उच्चार ऐकला की कुणीतरी पायावर पाय दिल्यासारखा चेहरा करत. आणि त्यांना मुलींची नावं येत नसत. त्या मुलींना स्टेशनांनी हाक मारत. "ए टिटवाळा, वाच." "विठ्ठलवाडी, पुढे." पहिल्या दिवशी 'गाव कुठलं' विचारल्यावर श्रुतिका वांगणी म्हणाली होती, म्हणून राहायला बदलापुरात असूनही ती तीन वर्षं 'वांगणी'च राहिली.

"मग तू सांग ना नाव," मी म्हणायचे.

"सांगितलंय. त्या म्हणाल्या, लक्षात ठेवण्यासारखं काही केलंस की ठेवीन."

तर त्या एप्रिलमध्ये तोंडी परीक्षेची तालीम चालली होती. बाहेरून कोणी सर येणार होते परीक्षा घ्यायला. मॅडम स्वतः ते सर होऊन बसल्या आणि प्रत्येकीने त्यांना फ्रेंचमध्ये एक प्रश्न विचारायचा होता. श्रुतिकाची पाळी आली. भुवया समोर, आणि ती घाबरली. तिने विचारलं, तू कुठे राहतेस? त्यू लावून.

वर्ग खिदळला.

"मी काय तुझी शेजारीण आहे?" मॅडम म्हणाल्या.

"सॉरी मॅडम. चुकून गेलं. आजोळी आम्ही सगळ्यांनाच तू म्हणतो."

"ते गोठ्यात."

आमच्या मुलीने इथे गप्प बसायला हवं होतं. पण दचकल्यावर ती वांगणीची होते, आणि चिडल्यावर माझी. ती म्हणाली, "गोठ्यात आम्ही म्हशीला पण तिच्या नावाने हाक मारतो मॅडम. तुम्हाला तीन वर्षांत माझं नाव येत नाही."

मॅडमनी हातातली पेन्सिल आडवी ठेवली. सगळ्या वर्गासमोर फ्रेंचमध्ये माफी मागितल्याशिवाय तोंडी परीक्षेला बसू देणार नाही, असं त्या म्हणाल्या. आणि तोंडी नाही म्हणजे वर्ष गेलं. त्या बोलल्या ते खरं करणाऱ्या आहेत हे सगळ्या मुलींना माहीत होतं, आणि डिपार्टमेंटमध्ये त्यांच्यावर दुसरं कुणी नव्हतंच.

श्रुतिकाने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मी पन्ह्यासाठी कैऱ्या सोलत होते. मी ताबडतोब म्हटलं, "माग माफी आणि मोकळी हो."

"कशाबद्दल मागू? चुकीबद्दल मी तिथल्या तिथे सॉरी म्हटलं होतं."

"पुढच्याबद्दल माग."

"पुढचं खरं होतं."

"खऱ्याबद्दलच मागावी लागते माफी. खोट्याला कोण विचारतंय?" हे वाक्य मला बोलून झाल्यावर फार आवडलं. तिला अजिबात नाही. ती म्हणाली, "तुला वर्षाची पडलीय. माझी नाही." आणि आत जाऊन दार लावलं. दार लागलं नाही, कारण आमचं ते दार उन्हाळ्यात फुगतं. ती दोन धक्के देऊन तसंच अर्धं टाकून बसली. रागाची सगळी शोभा गेली.

मी आबाला फोन केला. आबा सगळं ऐकून म्हणाला, "आपली समजून तू म्हनली ना ती? मंग त्या बायला राग कनाला आला?"

"आबा, शहरात तसं नसतं. तुला नाही कळायचं."

"मना काय कलत नाय? मी येऊ का कालेजात? इचारतो तिला."

"नको!" मी एवढ्या जोरात ओरडले की बाहेर टँकरपाशी उभ्या असलेल्या बायकांनी वर बघितलं. आबा कॉलेजात जाऊन मॅडमना 'काय गं बाय' म्हणतोय, हे चित्र मला पुढे कित्येक दिवस घाम फोडत होतं.

ते दिवस मी आता आठवते तेव्हा आधी उकाडा आठवतो. दुपारी वीज जायची. श्रुतिका ओला टॉवेल मानेवर टाकून घरभर फिरत क्रियापदं म्हणायची, मी जातो, तू जातोस, तो जातो, आणि प्रत्येक 'तुम्ही जाता'ला माझ्याकडे बघायची. स्टेशनबाहेर ठाकरणी करवंदं घेऊन बसायला लागल्या होत्या. मी रोज घेऊन यायचे आणि ती खायची नाही, द्रोण तसाच सुकायचा. मी समजावून बघितलं, धाक घातला, रडून बघितलं. रडण्याला तर ती म्हणाली, "पाचव्या अंकात ठेव हे." ह्यांना म्हटलं, तुम्ही बोला. ते म्हणाले, "मला मध्ये घेऊ नका. मला तुम्ही दोघी सध्या काहीच म्हणत नाही आहात, 'अहो'सुद्धा बंद आहे. बरं वाटतंय."

शेवटी तिनेच एके सकाळी केस बांधता बांधता सांगितलं, "मागते मी माफी. पण मला वाटतंय म्हणून नाही. मला पुढचं शिकायचंय म्हणून." मी देवापुढे साखर ठेवली. मॅडमनी पालकालाही बोलावलं होतं. म्हणजे मला.

उल्हासनगरच्या त्या कॉलेजात मी पहिल्यांदाच वरच्या मजल्यावर गेले. जिन्यात मॅनेजमेंटच्या कोर्सचे भले मोठे रंगीत फलक. फ्रेंचचा वर्ग टोकाला, स्टोअररूमशेजारी. दारावरच्या पाटीतलं एक अक्षर गळलेलं. आत थोड्याच मुली. मॅडम मला म्हणाल्या, "बसा." मी मागच्या बाकावर बसले. बाक लहान, मी मोठी. शाळेत काम करते मी, तरी वर्गात बसल्यावर माझे गुडघे आपोआप जुळले.

"आपण काम सोडून आलात, त्याबद्दल आभारी आहे," मॅडम म्हणाल्या.

"आपण बोलावलंत, यायलाच हवं," मी.

"आपल्या मुलीला मी व्यक्तिशः काही म्हणत नाही. पण माझ्या डिपार्टमेंटला आधीच सगळे हसतात. मॅनेजमेंटच्या कोर्सवाले ही खोली मागताहेत. बाहेरचे सर आले आणि ही त्यांना त्यू म्हणाली, तर ते म्हणणार, उल्हासनगरला हेच शिकवतात."

"आपलं म्हणणं रास्त आहे."

"आपण समजूतदार आहात."

"आपली कृपा."

एवढं शुद्ध मराठी मी लग्नाच्या पत्रिकेतही वाचलेलं नाही. राग आला की आपली भाषा सुधारते. मुली टेनिसचा सामना बघावा तशा इकडून तिकडे माना फिरवत होत्या.

श्रुतिका उठली. फळ्याजवळ जाऊन उभी राहिली. तिने फ्रेंचमध्ये माफी मागितली. एकच वाक्य. व्हू लावून, सरळ, स्वच्छ. मला अर्थ कळला नाही, पण सूर कळला. असं ती आमच्याकडच्या कुणाशीही कधी बोलली नव्हती. मी हेच तर मागत होते इतके दिवस. आणि ते झाल्यावर मलाच ते नकोसं वाटलं.

मॅडम म्हणाल्या, "शेवटच्या शब्दाचा उच्चार. परत."

तिने परत मागितली.

"परत."

तिने तिसऱ्यांदा मागितली. मान वर, डोळे कोरडे. मग मॅडमनी हात हलवला आणि मराठीत म्हणाल्या, "ठीक. बस तू, वांगणी."

आता मी काय करावं? पिशवी उचलावी, आभार मानावेत, जिना उतरावा. तोंडी मिळाली होती, वर्ष वाचलं होतं. पण त्या टीचभर बाकावरून मी उठले, उठताना बाकही थोडा माझ्याबरोबर उठला, आणि मी म्हटलं, "मॅडम, तिला तुम्ही म्हणा."

"काय?"

"मुलीच्या पुस्तकात मास्तर मुलांना व्हू म्हणतात. घरी रोज मोठ्याने वाचते ती, मला पाठ झालंय. फ्रान्समध्ये कॉलेजातल्या मुलांना त्यू म्हणत नाहीत. उल्हासनगरला हे पण शिकवायला हवं."

श्रुतिकाच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी अभिमान समजले. तो भयंकर राग होता, हे नंतर कळलं. मॅडमच्या भुवया टोपीच्या टोकापर्यंत चढल्या आणि तिथेच थांबल्या. मला वाटलं, गेलं. आत्ता वाचवलेलं वर्ष मी स्वतःच्या हाताने खिडकीबाहेर टाकलं.

मॅडम श्रुतिकाकडे वळल्या. दातांत सुपारी अडकल्यासारख्या म्हणाल्या, "आसेये-व्हू, मादमुआझेल श्रुतिका." म्हणजे, बसा. इतक्या द्वेषाने दिलेला मान मी माझ्या दिरांच्या साखरपुड्यातही पाहिला नव्हता. पण नाव उच्चारलं, आणि जोडाक्षरासकट. म्हणजे ते बाईंना आधीपासून येत होतं.

परतीच्या रिक्षात मी जिंकल्यासारखी बसले होते. उल्हासनगर मागे पडलं, अंबरनाथ आलं, श्रुतिका बाहेरच बघत होती. चिखलोलीच्या नव्या टॉवरांपाशी मी म्हटलं, "कशी जिरवली!"

ती म्हणाली, "माफी मी मागितली होती. माझी होती ती. तुम्हाला मध्ये पडायला कोणी सांगितलं होतं?"

तुम्हाला. मी ड्रायव्हरकडे बघितलं, त्याला म्हणाली की काय. त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. मग पुढे परीक्षेच्या दिवसांत घरात तेच. तुम्ही जेवलात का. तुमचा फोन वाजतोय. तुम्ही पंखा बंद केलात का. माझ्या सासूबाईंना नातीच्या वळणाचं फार कौतुक वाटलं.

तोंडी परीक्षेच्या दिवशी मी रजा टाकली. तिने मला येऊ नका म्हणून बजावलं होतं. म्हणून मी कॉलेजात गेले नव्हते. मी उल्हासनगरला कापड घ्यायला गेले होते आणि पाय दुखले म्हणून कॉलेजच्या वरच्या मजल्यावरच्या बाकावर बसले होते. हातात कापडाची पिशवीही होती, पुराव्याला. श्रुतिकाने आत जाताना मला पाहिलं, ओठ घट्ट केले आणि गेली.

थोड्या वेळाने मॅडम बाहेर आल्या. परीक्षेला बाहेरून आलेले सर म्हणे कडक होते. शिकवणाऱ्याने समोर बसायचं नाही, मुली त्यांच्या तोंडाकडे बघत उत्तरं देतात, असं त्यांचं म्हणणं. मॅडमना त्यांच्याच वर्गातून बाहेर काढलं होतं. मजल्यावर बाक तो एकच. त्या माझ्या शेजारी बसल्या. मध्ये पिशवी.

"आज पण भाषण?" त्यांनी विचारलं.

"नाही. कापड घ्यायला आलेय."

"पिशवी रिकामी दिसते."

"पसंत नाही पडलं."

दाराच्या वरची काच फुटलेली होती, तिथून आवाज येत होता. सरांचा जाड, श्रुतिकाचा बारीक. पहिल्या वाक्याला तिचा आवाज इतका कापला की मी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. शेजारी बघते, तर मॅडमचे ओठ हलत होते. आतून प्रश्न आला की त्या उत्तर पुटपुटायच्या, आणि मग आतून उत्तर आलं की श्वास सोडायच्या. एकदा श्रुतिका अडली. अडलीच. मॅडमनी माझं मनगट धरलं. जोरात, नखांसकट. मला वाटतं त्यांना ते बाकाचं हँडल वाटलं असावं. आतून शब्द आला, वाक्य पुढे गेलं, आणि त्यांनी हात असा काढून घेतला, जसं काही मीच त्यांचा धरला होता.

"जमतंय का?" मी विचारलं.

"शू."

"नुसतं हो-नाही सांगा ना."

"तुमच्यामुळे मला ऐकू येत नाहीये."

नाटकाबद्दल झालं, कुठल्याशा कवितेबद्दल झालं, हे मॅडमच्या बोटांवरून कळत होतं. त्या मात्रा मोजत होत्या. मग सरांनी काही साधं विचारलं असावं, कारण मॅडमची बोटं थांबली. आणि श्रुतिका बोलायला लागली. आता कापत नव्हती. भरभर, न अडता, मध्ये एकदा थांबून, पुन्हा. एवढं सलग ती त्या महिन्यात घरात कुणाशी बोलली नव्हती. सर एकदा मोठ्याने हसले. मग बराच वेळ हसले नाहीत. मग त्यांनी हळू आवाजात काहीतरी विचारलं, आणि तिने त्याहून हळू उत्तर दिलं.

मॅडमच्या भुवया खाली आल्या होत्या. मी त्यांना पहिल्यांदाच तशा पाहत होते. चेहरा अनोळखीच वाटला.

"काय म्हणाली ती?"

त्या दाराकडेच बघत राहिल्या.

"मॅडम, काय म्हणाली?"

"घरातल्या एका व्यक्तीबद्दल बोला, असं विचारलं त्यांनी. तुमच्याबद्दल बोलली."

"माझ्याबद्दल? काय?"

श्रुतिका तोंडी पास झाली, चांगली पास झाली. आता ऐरोलीला एका कंपनीत फ्रान्समधल्या लोकांच्या तक्रारी फोनवर ऐकते. तिकडचे लोक पार्सल उशिरा आलं म्हणून तिला व्हू लावून झोडतात, आणि ती व्हू लावून ऐकून घेते. जोडीला एम.ए.ही चाललंय. मला ती कधीतरी, न ठरवता, पूर्वीसारखं बोलायला लागली. नेमकं कधी ते माझ्याही लक्षात आलं नाही. त्या दिवशी आत काय म्हणालीस, हे मी तिला तेव्हा विचारलं, दिवाळीत विचारलं, गेल्या एप्रिलमध्ये विचारलं. ती म्हणते, आठवत नाही. खोटं बोलते, मला कळतं. आज गच्चीवरच्या मुलीला बघून पुन्हा विचारलं, तर म्हणाली, "आई, फ्रेंच शीक मग." मी कशाला शिकू? आठ अक्षरं लिहून तीन बोलायची भाषा.

त्या दिवशी बाकापाशी मात्र मी हट्टालाच पेटले होते. सर आतून पुढच्या मुलीला बोलवत होते, दार उघडत होतं, आणि मी मॅडमची वाट अडवून उभी. त्या क्षणी मला जगात दुसरं काही नको होतं. "चांगलं बोलली की वाईट बोलली? एवढं तरी सांगा."

मॅडमनी साडीच्या निऱ्या नीट केल्या. माझ्याकडे पाहिलं, अगदी वरपासून खालपर्यंत, जणू काही आत ऐकलेलं आणि समोर दिसणारं जुळवून बघत होत्या. मग माझ्या बाजूने वाट काढत म्हणाल्या, "व्याकरण शुद्ध होतं."